आक्काचं काही जात नाही

९ फेब्रुवारी, सोमवार

शेजारच्या भगवानची हळद शिजायला लागली. सकाळपासून गल्लीभर वाफ, आणि वाफेमागे कुपाटातली. (पुढे नुसतं कु. लिहीन. जागा वाचते.) शेताच्या काटेरी कुपाट्या सोडून सगळी गावात उतरलीत, ऊब घ्यायला. हळद शिजवायच्या मोठ्या कुकरच्या कडेला ओळीने बसलेली, वीतभर उंचीची, हळदीत लोळून पिवळी झालेली, तोंडं म्हाताऱ्या लेकरांसारखी. माणसं काम करतात, ती बघतात. नजर हलली की वस्तू गेली.

आज भगवानच्या ट्रॅक्टरची चावी गेली. अख्ख्या कुरुंद्याला ऐकू जातील अशा शिव्या. दुपारी चावी त्याच्याच चहाच्या किटलीत निघाली.

वानरं परवडली. वानर निदान खायला नेतं.

आमच्याकडे सगळं जागच्या जागी. माझ्या वस्तूला तर त्यांनी आजवर हात लावलेला नाही. घाबरतात मला.

आक्काने दुपारी अर्धी भाकरी ठेवली. "पोट भरलं." सकाळपासून कशाने भरलं, ते विचारलं नाही.

१२ फेब्रुवारी

वसमतहून फिजिओवाला आला. आक्काला म्हणाला, "आज्जी, उभं राहून दाखवा."

"तूच ऱ्हा. माझं उभं ऱ्हाऊन झालंय."

बाहेर ओट्यावर येऊन मला हळू आवाजात सांगितलं: हाड जुळलंय, मांडीतला रॉड ठीक आहे, आता चालल्या नाहीत तर कधीच चालणार नाहीत. हळू कशाला? तिचे कान माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहेत.

दिवाळीत अंगणाच्या पायरीवरून पडली तेव्हापासून पलंग. वॉकर आणला, त्यावर टॉवेल वाळतो. तिला काही कमी पडू नये अशी व्यवस्था मी पहिल्याच आठवड्यात लावली. पाण्याची बाटली उजव्या हाताला. गोळ्यांची डबी उशीखाली. चष्म्याला दोरी, गळ्यात. काठीला दोरी, पलंगाच्या पायाला. पानाच्या डब्याला दोरी, उशाच्या गजाला. मी बस स्टँडवर कंट्रोलर होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला, हे मला डोळे मिटून सांगता यायचं. घरही तसंच चालतं.

फिजिओवाला निघाला तर दारातला त्याचा एक बूट गायब. शोधला, घाम फुटला, शेवटी एका बुटावर मोटारसायकल चालवत गेला.

आक्का हसली नाही. हे लिहून ठेवण्यासारखं आहे. कारण तिची स्वतःची एक चप्पल लग्नात, वरात निघताना कु. नी नेली होती, आणि एका चपलेवर ती या घरात आली. ही गोष्ट ती नव्या माणसाला सांगितल्याशिवाय सोडत नाही. आज नवं माणूस होतं, बूटही गेलेला होता. तिने भिंतीकडे तोंड केलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी विहारात. वंदना झाल्यावर बायका बसल्या आणि नेहमीचं सुरू: कुणाचं काय गेलं. हंगामात दुसरा विषय नसतो. कुणाची किल्ली, कुणाच्या कुकरची शिट्टी, कुणाचा एकच कानातला. रागाने सांगतात, पण सांगताना मान ताठ असते.

भगवानच्या बायकोने, सिंधूने विचारलं, "आक्काचं काय गेलं औंदा?"

"काही नाही."

"काईच न्हाई?"

"सगळं जागेवर असतं आमच्याकडे."

सिंधू गप्प झाली. मग बाकीच्याही गप्प झाल्या. मला ते आवडलं नाही.

आक्का माझी थोरली जाऊ. या बायकांमध्ये वर्षानुवर्षं तिचाच नंबर पहिला होता. तिची नथ, तिचं वाटण, तिच्या पोतडीतली सुई. "सारं गाव सोडून माझ्याच मागं हायेत मुडदे," असं म्हणत ती घरभर हिंडायची, आणि मी सुट्टीला आले की मला ऐकवायची, "तुझं काहून न्हाई नेत गं, कंट्रोलर? तुझ्यापाशी नेन्यासारखंच काई नसंल."

दुपारी घरी आल्यावर तिनेच विषय काढला.

"बायका काय म्हनल्या?"

"कशाबद्दल?"

"येड्यावानी करू नको. पडल्यापासून माझं काई नेऊन न्हाई राहिले ते. मला सोडलं त्यांनी."

मी म्हटलं, "चांगलंच आहे की. कटकट गेली."

"आत्याबाईचं पन असंच झालतं. वस्तूला हात लावायचे थांबले. पावसाळा न्हाई काढला तिनं."

सासूबाई तापाने गेल्या. मी होते तेव्हा घरात. तसं सांगितलं. आक्का म्हणाली, "व्हय, तापानंच. मी कुठं काय म्हनले."

संध्याकाळी भाकरी तशीच परत.

१९ फेब्रुवारी

आज डोळ्यांनी बघितलं.

दुपारी खिडकीच्या गजातून एक आत आलं. अंगठ्याएवढं डोकं, कानाशी हळदीचं ढेकूळ वाळलेलं. पलंगाच्या कडेवर बसलं. आक्का जागी होती पण डोळे किलकिले करून पडून राहिली, मुद्दाम. चष्मा छातीवर. त्याने चष्म्याची दोरी दोन बोटांत धरली, जराशी ओढली. आक्काच्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा दोरीकडे. आणि दोरी खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. आल्या वाटेने गेलं.

आक्काने डोळे उघडले. "बघितलं? ठिवून गेलं."

"गाठ घट्ट आहे म्हणून."

तिच्या डोळ्यांत पाणी आहे असं मला वाटलं. विचारलं असतं तर म्हणाली असती, हळदीची वाफ.

मला दुपारभर एका जागी बसवेना. डाळीचा डबा पुसला. पुसलेला होता.

२२ फेब्रुवारी

प्रकाशचा फोन, पुण्याहून. आक्काचा एकुलता एक. दर रविवारी फोन करतो. वाईट नाही पोरगा, पण प्रत्येक वाक्य ठरवून आलेलं असतं. "काकू, मी आईला इकडे आणतो. चौथा मजला, लिफ्ट आहे, बाई ठेवू. आणि इथं ते कुपाटातले-बिपाटातले काही नाहीत. सुखाने राहील."

मागे असं म्हणाला होता तेव्हा आक्का फोनवर अशी काही बरसली होती की त्याने महिनाभर विषय काढला नव्हता. आज मी फोन तिच्या कानाला लावला. ती म्हणाली, "ने बाबा. तुझ्या सोयीनं ने."

फोन बंद झाल्यावर मी तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, "काय बघून राहिली? इथं तरी कोन माझं काय नेऊन राहिलं?"

बीपी १००/६०. वजन कमी होतंय, ब्लाउज सांगतो. काट्याची गरज नाही.

२५ फेब्रुवारी

ठरवलं.

आंघोळीसाठी तिला आतल्या खोलीत नेलं होतं, तेवढ्यात दोरी विळीने कापली, पानाचा डबा पदराखाली घेतला आणि धान्याच्या कोठीमागे ठेवला. माझं वय, माझी नोकरी. प्रवाशांच्या राहिलेल्या पिशव्या न उघडता जमा केलेल्या या हाताने.

परत पलंगावर आली. डाव्या हाताने उशाशी चाचपलं. पुन्हा चाचपलं. कापलेलं दोरीचं टोक हातात आलं.

मी भांडी घासत होते. पाठ तिच्याकडे. आणि मग: "अगं ए सुमन! डबा नेला मुडद्यांनी!"

असा आवाज चार महिन्यांत ऐकला नव्हता.

२६ फेब्रुवारी

सबंध दिवस शिव्या. "वाटोळं झालं तुमचं. तुमच्या तोंडात माती. माझ्या चुन्यानं जिभा भाजतील तुमच्या." सिंधू भिंतीवरून डोकावली: "काय गेलं वं आक्का?" आक्काने अशा ऐटीत सांगितलं जसं काही पोराला सरकारी नोकरी लागली. "पानाचा डबा. दोरी कापून नेला. दोरी! इळी घेऊनच आला असंल."

सिंधूही खूश. म्हणाली, "चला, बरं झालं बाई."

दुपारी अख्खी भाकरी, वर ठेचा. आणि पाय पलंगाखाली सोडून बसली, कुणी न सांगता. उशी उचलून बघितली, गादी उचलून बघितली. मी म्हटलं, मी बघते. म्हणाली, "तू बस. तुला काय कळतंय शोधायचं."

मी आनंदात आहे. चोरीच्या आनंदात. लिहायला लाज वाटते पण वही माझीच आहे.

२८ फेब्रुवारी

डबा परत द्यायला हवा. कु. परत देतातच, भलत्या जागी. शिवाय हंगामात वस्तूवर पिवळी बोटं उमटलेली असतात, ती नसली तर संशय येईल. मी करंगळी हळदीत बुडवून डब्यावर चार-पाच ठिकाणी टेकवली. बारीक बोटं बरी जमली. डबा तिच्या वॉकरवरच्या टॉवेलखाली ठेवला.

तिला सापडायला दुपार झाली. तेवढ्यासाठी दोनदा उभी राहिली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

१ मार्च, रविवार

चूक झाली.

सकाळी चहा देताना आक्का डबा हातात घेऊन बसली होती. नाकाशी धरलेला.

"सुमन, ही हळद कुठली?"

"कुठली म्हणजे?"

"ही दळलेली हाय. डब्यातली. वर्सभराची." डबा माझ्यासमोर धरला. "त्यांच्या हाताला शिजल्या हळदीचा वास असतो. वल्ला. मी कुरुंद्यात जल्मले, कुरुंद्यातच दिली मला. तू कुनाला शिकवून राहिली?"

मी उभी. चहा हातात.

"कीव आली व्हय माझी?"

मी म्हटलं, "जेवत नव्हतात तुम्ही."

"चोर बी भाड्यानं आनायची येळ आली," म्हणाली. डबा पलंगाखाली सोडला. पान, सुपारी, चुना, सगळं फरशीवर. मी उचललं. मग पुन्हा भिंतीकडे तोंड.

४ मार्च

दोन घास. कालही तेवढंच. बोलत नाही. सिंधू आली तर झोपेचं सोंग. सिंधू बाहेर मला म्हणाली, "डबा गेलता तवा किती बरं वाटत होतं." मी हो म्हटलं. तिला खरं सांगितलं नाही. आक्कानेही सांगितलेलं नाही, हे तिच्या गप्प राहण्यावरून कळतं. माझी अब्रू राखली की स्वतःची?

वारंग्याच्या फाट्यावरून एक तारेचं कुंपण विकणारा आला होता. गल्लीत सगळ्यांना सांगत होता, कुपाटी काढा, जाळी लावा, ह्यांचा बंदोबस्त होतो. भगवान विचारात पडला. मी त्याला हाकललं. का हाकललं ते मलाच माहीत नाही. महिन्यापूर्वी मीच ऑर्डर दिली असती.

दार, खिडकी, दार. आज माझ्या नुसत्या येरझाऱ्या.

७ मार्च

सिंधूचं जोडवं गेलं. धुणं धुताना दगडावर काढून ठेवलेलं. मी आमच्या गच्चीवर पापड वाळत घालत होते, तिथून सगळं दिसलं.

मला वाटायचं, उचलतात आणि पळतात. पळत नाहीत. ते कु. जोडवं घेऊन तिच्याच पत्र्यावर चढलं, हातभर अंतरावर, आणि बसलं. जोडव्याकडे एकदाही बघितलं नाही. सिंधूकडे बघत होतं. तिने बादली उलटी केली, दगडाखाली हात घातला, साडीचा पदर झटकला, कमरेवर हात ठेवून शिव्या घातल्या. त्याचं अंग हसण्याने हलत होतं. वाळलेल्या तुरीच्या शेंगा हलवल्यासारखा त्यांचा तो खुळखुळ आवाज. आणखी दोन-तीन येऊन त्याच्याजवळ बसली. लोक भजनाला बसतात तशी.

त्यांना जोडवं नको असतं. त्यांना शोधणारं माणूस हवं असतं.

सिंधूने हात टेकले आणि चुलीपुढे जाऊन बसली, तेव्हा त्याने जोडवं पत्र्यावरच टाकलं आणि गेलं. रस गेला.

पापड तसेच राहिले. मी जिन्यावर बसून राहिले.

८ मार्च

रात्रीपासून डोक्यात तेच. मी चोरलेला डबा सोडला तर पडल्यापासून आक्काने काय शोधलं? काहीच नाही. मी तिच्या गळ्यात, उशाशी, हाताशी सगळं बांधून ठेवलंय. तिला शोधायला काही ठेवलंच नाही. त्या कु. ने दोरी धरून तिच्या तोंडाकडे बघितलं ते याचसाठी. हिचं नेलं तर ही उठेल का? उठणार नाही. हाक मारेल, आणि मी आणून देईन.

आणि माझं ते कधीच का नेत नाहीत, तेही कळलं. मला घाबरत नाहीत. मी शोधत नाही. वस्तू नसली तर मी दुसरी घेते.

हे कळून काय करायचं, हा वेगळा प्रश्न. पडली तर? रॉड आहे मांडीत.

९ मार्च

विळीने सगळ्या दोऱ्या कापल्या. या वेळी तिच्यासमोर.

"काय करून राहिली?"

"दोऱ्या काढतेय."

"काहून?"

"घाण झाल्यात."

पाण्याची बाटली उचलून स्वयंपाकघरात नेली. चष्मा खिडकीत. काठी दारामागे. गोळ्या तेवढ्या माझ्याकडे, त्यात खेळ नको. टॉवेल वॉकरवरून काढला.

दुपारी: "पानी दे."

"तांब्या स्वयंपाकाच्या ओट्यावर आहे, आक्का."

"मी काय वट्यावर बसलेय?"

"वॉकर तुमच्या पुढ्यात आहे."

तिने माझ्याकडे असं बघितलं की स्टँडवरचा दारुडा ड्रायव्हरही माझ्याकडे कधी तसं बघायला धजला नाही. म्हणाली, "मरते तहानेनं, पन उठत न्हाई."

मी आत गेले. हात पिठात घातले. पीठ मळून झालं तरी मळत राहिले.

ती उठली नाही. मीही पाणी दिलं नाही. चार वाजता दिलं. हरले.

११ मार्च

आज दिलं नाही. ऊन चढल्यावर वॉकरची रबरं फरशीवर घासल्याचा आवाज आला. पलंग ते ओटा. मध्ये थांबली, मला आईबापावरून काय काय म्हणाली. पाणी प्यायली. परत जाताना तांब्या मुद्दाम नको तिथे ठेवला. माझं सामान अस्ताव्यस्त करण्याचा हेतू. मी उचलला नाही. फार अवघड गेलं.

१५ मार्च, रविवार

प्रकाशला तिनेच सांगितलं, फोनवर, मी समोर बसलेली असताना. "तुझी काकू मला पानी देत न्हाई. चष्मा लपवून ठिवते. तू म्हनतोस तशी बाईच बरी."

मग माझ्यावर तो. "काकू, हे काय चाललंय? ती पडली म्हणजे?" मी सांगितलं, कु. चं, दोरीचं, सगळं. तो ऐकत राहिला. म्हणाला, "काकू, तुम्ही बी.ए. झालेल्या आहात."

"झालेय. म्हणून तर बघून मग ठरवलं."

शेवटी म्हणाला, १४ एप्रिलची जयंती झाली की पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. त्या दिवशी आई स्वतःच्या पायाने पायऱ्या उतरून अंगणात आली तर राहू दे. नाही आली तर नेतो, आणि मग कुणी बोलायचं नाही.

मी कबूल केलं. आक्का म्हणाली, "मला कुनी इचारलं न्हाई." बरोबर आहे, विचारलं नव्हतं.

२१ मार्च

रोज चालते. ओटा, मोरी, दार. शिव्या देत. पण जेवतेय.

दाराच्या उंबऱ्यापुढे जात नाही. पुढे अंगणाच्या दोन पायऱ्या, जिथे पडली त्या. उंबऱ्याशी येते, खाली बघते, वॉकर वळवते. मी एकदा म्हटलं, हात धरते. "धर आन टाक," म्हणाली.

कु. चं काही नाही. खिडकीत एक बसतं अधूनमधून. बघून जातं. चष्मा तिथेच, त्याच्या पायाशी. नेत नाही. आक्का त्याच्याकडे बघत नाही असं दाखवते, पण ते आल्यावर केस सारखे करते.

३० मार्च

आज पडता पडता राहिली. मोरीत पाय सरकला, वॉकर आडवा झाला, नळ धरून उभी राहिली. मी धावले. तिचा रंग पांढरा, माझाही असणार. दोघी मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिलो.

"सुमन," म्हणाली, "पुन्हा बांध त्या दोऱ्या. मला नको हे."

मी दोरी आणायला उठले होते. खरंच उठले होते. सुतळीचा गुंडा हातात घेतला. मग तिनेच विचारलं, "आन माझी काठी कुठं ठिवली तू सकाळी?"

"दारामागे."

"न्हाई दारामागं. मी बघितलं."

"मग शोधा."

काठी पलंगाखाली गेली होती, घरंगळत. कुणी नेली नव्हती. पण तिने वाकून काढली. सुतळी मी परत ठेवली.

६ एप्रिल

हळद संपली गावातली. पोती भरून गाड्या गेल्या. कु. पुन्हा शेताकडे परतायला लागलीत, अंगावरचं पिवळं उतरून मातीच्या रंगाची. आता त्यांनी काही नेलं तरी खूण उरत नाही.

थोडी आमच्या अंगणापलीकडच्या कुपाटीत राहिलीत असं वाटतं. खुळखुळ येते दुपारी.

आक्का उंबऱ्यापर्यंतच. दिवस सरकतायत. रागावून बघितलं, समजावून बघितलं. तिच्याच पद्धतीने बोलून बघितलं: "पुण्याला लिफ्टमध्ये बसून काय शिव्या देणार, आणि कुणाला?" तिने वॉकर वळवला, पलंगावर जाऊन बसली. मग: "तू येशील का तिकडं?"

मी म्हटलं, "मी कशाला येऊ?"

"तेच की," म्हणाली.

हे लिहिल्यावर पुन्हा वाचलं. मी असं का म्हटलं?

१३ एप्रिल

उद्याची तयारी. विहाराला रंग, पताका, पोरांचे ढोल. सिंधू म्हणाली, आक्काला खुर्चीवर बसवून उचलून नेऊ मिरवणूक बघायला. आक्का म्हणाली, "मी काय पालखी हाय?" नाही म्हणजे नाही.

प्रकाशचा मेसेज: रविवारी सकाळी निघतो.

तिची पेटी तिने काढायला सांगितली. मी काढली नाही. म्हटलं, कुठे आहे मला आठवत नाही. हे खोटं होतं. इतकं पटकन खोटं मला पूर्वी येत नव्हतं.

१६ एप्रिल, गुरुवार, सकाळ

कवळी गेली.

झोपताना वरची कवळी काढून वाटीत पाणी घालून खिडकीत ठेवते. सकाळी वाटी जागेवर, पाणी जागेवर, कवळी नाही.

मी घेतलेली नाही. हे इथे लिहून ठेवते. माझ्याच वहीत मला खोटं लिहायचं कारण नाही.

आक्का वाटी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. ओठ आत गेलेले, तोंड एवढंसं.

"दे."

"काय?"

"दात दे माझे. पुन्यापायी करून राहिली ना हे? डबा झाला, आता दात?"

"आक्का, मी नाही घेतले."

"शप्पथ?"

"तुमची शपथ."

"माझी काय घेती, मी अर्धी गेलेली. तुझी घे."

"माझी शपथ."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मीही नजर हलवली नाही. पाण्याचा वास घेतला तिने, वाटीला बोट लावून बघितलं. काही खूण नाही. पुरावा म्हणून माझं तोंड, बस. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू म्हणावं तर हसू नव्हे. वाटी ओट्यावर ठेवली आणि वॉकर वळवला. पलंगाकडे नाही. दाराकडे.

मी स्वयंपाकघरातच. उठायचं नाही असं ठरवून वही उघडली. हात कामात असला म्हणजे पाय थांबतात.

गादी उलटली. खिडकी उघडली. आता दारात. "ए मुडद्यांनो! माझे दात घेऊन ऊस खानार हाव का!" दातांशिवाय शिव्या मऊ निघतात, पण गल्लीला कळल्या. सिंधूची हाक: "काय गेलं वं आक्का?" उत्तर नाही. तिला वेळ नाही.

कुपाटीतून खुळखुळ. एक नाही, बरीच आहेत.

उंबरा ओलांडला. वॉकरची पुढची रबरं बाहेरच्या फरशीवर, आवाज वेगळा येतो. पायरीपाशी थांबली.

"सुमन!"

ओ दिली नाही. दिली तर ती माझ्याकडे वळेल. पेन घट्ट धरलंय, अक्षर बिघडलं.

"सुमन, ते बघ, तिथं बसलंय, माझे दात लावून बसलंय मुडदं..."

खुळखुळ थांबली.

वॉकर उचलल्याचा आवाज आला. टेकवल्याचा अजून नाही.